टिचकी निघाली कुंचीला

एका गावात होती एक पेठ. पेठेचं नाव वाकडी पेठ.
का? कारण ती वाकडी होती!
पेठेत पाच दुकानं. पेठेच्या टोकाला एक कडुलिंब. आणि पहिल्या दुकानाच्या पायरीखाली एक बीळ.

बिळात राहायची टिचकी.
टिचकी म्हणजे चिचुंद्रीचं पोर. नाक लांब. पाय आखूड. शेपूट सुतळीएवढं. आणि अंगात? अंगात नुसतं वारं!
टिचकी कधी चालायची नाही. टिचकी पळायची.
तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

टिचकीला झाला होता भाऊ.
केवढा? शेंगदाण्याएवढा!
त्याचं डोकं केवढं? चिंचोक्याएवढं!
आज त्याचं बारसं. संध्याकाळी आत्या येणार. दिवा लागला की बाळाच्या कानात नाव सांगणार. आणि सगळे मिळून ओरडणार, कुर्रर्रर्र!

आईने बाळाची कुंची धुतली. काट्यावर वाळत घातली.
तेवढ्यात आला वारा. भुर्रर्रर्र!
कुंची उडाली. गरगर गरगर गरगर.
उडाली ती कुठे गेली? विहिरीत गेली. डुबुक!

बाळाचं डोकं उघडं. बाळाला वाजली थंडी. बाळ रडलं. चीं चीं चीं!
"आत्ता गं बाई!" आई म्हणाली. "एवढीशी एक कुंची, ती पण गेली. उघड्या डोक्याने बाळाला पाळण्यात घालू कशी? कुंचीशिवाय बारसं नाही."
"मग चकचक बाजारातून मागव ना," टिचकी म्हणाली.

चकचक बाजार होता लांब. लांब लांब लांब. तो कुणाला दिसायचा नाही. नुसते त्याचे खोके यायचे. गाडीतून उतरायचे. धाड! धाड! धाड!

"तिथली सगळ्यात छोटी कुंची भोपळ्याएवढी," आई म्हणाली. "आपल्या बाळाला तंबू होईल तंबू! टिचके, तू वर जा. शेवंताकाकूंना सांग. त्या डोकं बघून शिवतात."
"मी जाते!" टिचकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

शेवंताकाकू शिंपीण. बसल्या होत्या मशीनपाशी. पण मशीन गप्प. खडखड नाही की घरघर नाही.

"काकू, काकू! कुंची शिवा ना!
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"शिवीन की गं!" काकू म्हणाल्या. "केवढं डोकं?"
"चिंचोक्याएवढं!"
"अगं बाई गं! मग कापड लागेल नखाएवढं. पण कापू कशाने? माझ्या कात्रीचा खिळा पडला. हे बघ. एक पातं इकडे, एक पातं तिकडे. चकचक बाजारातून नवी कात्री मागवली. आज आला खोका. उघडला बाई खोका..."
खर्रर्र... फट्!
"आत काय?"
"आत कंगवा!"

टिचकी हसली. खी खी खी! काकू काही हसल्या नाहीत.
"काकू, शेजारी खंडूमामा आहेत ना! लोहार आहेत. ते ठोकतील खिळा."
"खंडू?" काकू म्हणाल्या. "तिकडे कोण जातं आता?"
"मी जाते!" टिचकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

खंडूमामा लोहार. मिशा मोठ्या. हातोडा मोठा. पण हातोडा गप्प. ठण नाही की ठाण नाही.

"खंडूमामा, खंडूमामा! खिळा ठोका ना!
खिळा जोडेल कात्री,
कात्री कापेल कापड,
कापडाची होईल कुंची,
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"हळू गं, लांबनाके!" मामा म्हणाले. "शिंकलीस तर माझी भट्टी विझेल."
टिचकीने भट्टीत डोकावलं.
"मामा, ती विझलेलीच आहे!"
"हां. तेही खरंच." मामांच्या मिशा खाली आल्या. "ठोकीन की गं! पण खिळा तापवायला हवा निखारा. निखारा फुलवायला हवा भाता. माझा भाता फाटला. फुस्स म्हटलं तर फुर्र करतो. चकचक बाजारातून नवा भाता मागवला. आज आला खोका. उघडला खोका..."
खर्रर्र... फट्!
"आत काय?"
"आत फुगा!"

"मामा, पलीकडे गेनूआप्पा आहेत ना! चपला शिवतात. चामडं शिवतात. ते शिवतील भाता."
"गेनूआप्पा?" मामा म्हणाले. "तिकडे कोण जातं आता?"
"मी जाते!" टिचकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

गेनूआप्पा चपलावाले. भिंतीला टेकून बसले होते. पुढे चामडं, बाजूला आरी. पण आरी गप्प. टोच नाही की टाका नाही.

"आप्पा, आप्पा! भाता शिवा ना!
भाता फुलवेल निखारा,
निखारा तापवेल खिळा,
खिळा जोडेल कात्री,
कात्री कापेल कापड,
कापडाची होईल कुंची,
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"शिवीन की गं, बाळ," आप्पा हळूच म्हणाले. "पण चामड्यातून सुई काढायला जोर लागतो. पोटात काही नाही, तर हातात जोर कुठून? चकचक बाजारातून भाकर मागवली. आज आला खोका. उघडला खोका..."
खर्रर्र... फट्!
"आत काय?"
"आत भाकर!"
"मग खाल्लीत का?"
"घेतला की मोठा घास! कट्ट! अगं, खेळण्यातली भाकर ती! दात हलला माझा. हा बघ. नाही नाही, हा."

टिचकीने दात बघितला. हलत होता खरा.
"आप्पा, पुढे हौसामावशी आहेत ना! त्या गरम गरम भाकर थापतील."
"हौसा?" आप्पा म्हणाले. "तिकडे कोण जातं आता?"
"मी जाते!" टिचकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

ऊन पायरीवरून उतरलं. ऊन रस्त्यावर आलं. टिचकी उन्हाच्या पुढे, ऊन टिचकीच्या मागे.

हौसामावशी भाकरीवाल्या. पेठेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. पण आज तवा गप्प. थप नाही की थाप नाही.

"मावशी, मावशी! भाकर थापा ना!
भाकर देईल जोर,
जोर शिवेल भाता,
भाता फुलवेल निखारा,
निखारा तापवेल खिळा,
खिळा जोडेल कात्री,
कात्री कापेल कापड,
कापडाची होईल कुंची,
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"कोण बोललं?" मावशी गरजल्या. "आवाज येतो, माणूस दिसत नाही!"
"मी! इथे! खाली! पायापाशी!"
"अगो बया! टिचके तू! थापीन की गं! चूल पेटवलीय. तवा तापलाय. हात धुतलेत. पण पीठ कुठाय? चकचक बाजारातून मागवलं होतं. आज आला मेला खोका. उघडला मी खोका..."
खर्रर्र... फट्!
"आत काय?"
"आत पांढरं पांढरं! मी म्हटलं पीठ. घेतलं मळायला. टाकलं तव्यावर..."
"भाकर झाली?"
"भाकर कसली! तव्यावर मोर झाला, मोर! अगं, रांगोळी होती ती!"

खी खी खी! टिचकी हसता हसता गडबडा लोळली. मग तिला आठवलं बाळ. ती टुण्णकन उठली.
"मावशी, पुढे कासमचाचा आहेत ना! त्यांची गिरणी आहे. ते देतील पीठ."
"कासमभाई?" मावशी म्हणाल्या. "तिकडे कोण जातं आता?"
"मी जाते!" टिचकी म्हणाली.

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

कासमचाचा गिरणीवाले. भुवया पांढऱ्या. टोपी पांढरी. पूर्वी पिठाने पांढरी व्हायची, आता नुसतीच पांढरी. गिरणीपुढे उदबत्ती लावलेली. चाचा खुर्चीत बसलेले. आणि गिरणी गप्प. घर्र नाही की घुर्र नाही.

"चाचा, चाचा! पीठ द्या ना!
पिठाची होईल भाकर,
भाकर देईल जोर,
जोर शिवेल भाता,
भाता फुलवेल निखारा,
निखारा तापवेल खिळा,
खिळा जोडेल कात्री,
कात्री कापेल कापड,
कापडाची होईल कुंची,
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"दळीन की, बेटा!" चाचा म्हणाले. "पण अजून भवानी नाही झाली."
"भवानी म्हणजे?"
"दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक! ते आलं, म्हणजे भवानी झाली. भवानी झाली, की मग चाक फिरवायचं. माझे अब्बा असंच करायचे. मी पण तसंच करतो. सकाळी उदबत्ती लावली. दुपारी दुसरी लावली. आता ही तिसरी. गिऱ्हाईक काही आलं नाही."
"मग तुम्ही पण मागवा ना. चकचक बाजारातून. खोक्यातून."
चाचा हसले. त्यांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या.
"वेडी गं वेडी! गिऱ्हाईक काय खोक्यातून येतं?"

टिचकी थांबली.
हो, खरंच थांबली! टिचकी पहिल्यांदाच थांबली.
तिने मागे वळून बघितलं.
मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. वाट बघत होत्या.
आप्पा भिंतीपाशी बसले होते. वाट बघत होते.
खंडूमामा दारात. वाट बघत होते.
शेवंताकाकू खिडकीत. वाट बघत होत्या.
सगळे बसलेले. सगळे वाट बघणारे. कोण येतं? कोण येतं? कुणीच उठत नव्हतं, मग येणार कोण?

"चाचा!" टिचकी ओरडली. "गिऱ्हाईक खोक्यातून येत नाही. गिऱ्हाईक पायांनी येतं. मला चार चार पाय आहेत. मी होते तुमची भवानी!"
"वा रे वा! पण दळण कुठाय?"
टिचकीने आपले पंजे बघितले. पंजे रिकामे. दळण नव्हतंच!
"कडुलिंबाखाली ठकूआजी असतात ना? ज्वारीचं पोतं घेऊन?"
"ठकूआजी?" चाचा म्हणाले. "तिकडे कोण जातं आता?"

टिचकीचे पाय दुखले होते. ऊन आता भिंतीवर चढलं होतं, पिवळं पिवळं झालं होतं. आणि लांबून, पार पहिल्या पायरीखालून, ऐकू आलं बाळाचं रडणं. चीं चीं चीं!

"मी!" टिचकी म्हणाली. "मी जाते!"

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

ठकूआजी पोत्याचं तोंड बांधत होत्या. पिशवी काखेत. काठी हातात. निघाल्याच होत्या.

"आजी, आजी! ज्वारी द्या ना!
ज्वारीचं होईल पीठ,
पिठाची होईल भाकर,
भाकर देईल जोर,
जोर शिवेल भाता,
भाता फुलवेल निखारा,
निखारा तापवेल खिळा,
खिळा जोडेल कात्री,
कात्री कापेल कापड,
कापडाची होईल कुंची,
कुंची बसेल बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

"उशीर केलास गं, चिमणे," ठकूआजी म्हणाल्या. "मी चालले गावाला. आता यायची नाही परत. माझ्या ज्वारीत झालेत किडे. किडकी ज्वारी कोण घेतं? चकचक बाजारातून औषध मागवलं. आज आला खोका. उघडला खोका..."
खर्रर्र... फट्!
"आत काय?"
"आत पावडर! तोंडाला लावायची! मला कुठे वाचता येतंय? मी टाकली पोत्यात. आता किडे बसलेत पावडर लावून. जसे काही लग्नाला निघालेत!"

टिचकीने नाक वर केलं. हुंग हुंग. हुंग हुंग हुंग!
पावडरीचा वास. आणि पावडरीच्या आत? किड्यांचा वास!
टिचकीच्या तोंडाला सुटलं पाणी. अहो, चिचुंद्रीचं पोर ते!

"आजी, पेठेत किडे वेचणारं कुणी नाही का?"
"आहे की नाही कुणास ठाऊक. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना किडा दिसत नाही. आणि दुसऱ्याला सांगायला तिकडे कोण जातं..."
"कुठे जायला नको! मी आले की! मी वेचते! सोडा पोतं!"

आजींनी पोतं सोडलं. ज्वारी पसरली. सर्रर्रर्र!
टिचकी घुसली.
हुंग हुंग, कुटुम! हुंग हुंग, कुटुम!
इकडे किडा, कुटुम! तिकडे किडा, कुटुम! एक किडा पळाला. टिचकी मागे पळाली. कुटुम!
आजी सुपाने पाखडत होत्या. फटक फटक! टिचकी किडे टिपत होती. कुटुम कुटुम!
ज्वारी झाली मोत्यासारखी. आणि टिचकीला आली ढेकर. ढेकरेला सुद्धा पावडरीचा वास!

"अगं माझ्या सोन्या!" ठकूआजी म्हणाल्या. "एवढं काम केलंस. काय देऊ तुला?"
"एक दळण!"
आजींनी ओंजळ भरली. गच्च भरली. फडक्यात बांधली.
"घे. आणि ऐक. हे फुकटचं नाही. हे तुझ्या कामाचं आहे. मान वर करून ने!"

टिचकीने मान वर केली. गाठोडं दातात धरलं आणि ओढलं.
घसर घसर! घसर घसर! आता तुरुतुरु नाही, आता घसर घसर!

"चाचा, चाचा! दळण आणलं!"
चाचा खुर्चीतून उठले. ज्वारीचा एक दाणा उचलला. कपाळाला लावला. आणि असे ओरडले, असे ओरडले, की कडुलिंबावरचे पोपट उडाले.
"भवानी झालीऽऽऽ!"

पट्टा चढला. चाक फिरलं. घर्र घर्र घर्र! घर्र घर्र घर्र!
अख्ख्या पेठेने कान टवकारले. गिरणी? गिरणी चालू?
पीठ पडलं. मऊ मऊ, गरम गरम. चाचांची टोपी पिठाने पांढरी झाली. टिचकीचं नाक पिठाने पांढरं झालं.
"चल बेटा," चाचा म्हणाले, "मी पण येतो. किती दिवसांत हौसाबाईंची भाकर नाही खाल्ली!"

"मावशी, मावशी! पीठ आणलं! आणि गिऱ्हाईक पण आणलं!"
"भवानी झाली गं बाई!" मावशी गरजल्या.
थप थप थप! थप थप थप! भाकर तव्यावर गेली. भाकर निखाऱ्यावर गेली. भाकर फुगली. टम्म!
अर्धी चाचांना. अर्धी आप्पांना. वर मिरचीचा ठेचा.
आणि मग मावशींनी कमरेवर हात ठेवले. कडुलिंबाकडे बघितलं. त्यांचा आवाज पेठेच्या या टोकाहून त्या टोकाला गेला.
"ठकूआजीऽऽ! चाललीस कुठे, म्हातारे? बस खाली! उद्यापासून रोज मला ज्वारी लागणार आहे!"
ठकूआजींनी काठी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली. आणि मग त्याही बसल्या.

"आप्पा, आप्पा! भाकर आणली!"
मावशी पण आल्या मागोमाग, तुटलेली चप्पल हातात घेऊन. "आप्पा, हिचा अंगठा बसवा. सहा महिने मी सुतळीने बांधून फिरतेय!"
आप्पांनी भाकर खाल्ली. हलता दात सांभाळून खाल्ली. हातात आला जोर.
"भवानी झाली!" आप्पा म्हणाले. "बघू तो भाता."
खंडूमामा भाता घेऊन पळत आले. आरी आत, दोरा बाहेर. सुईक सुईक! सुईक सुईक!
भाता शिवला. चप्पल पण शिवली.

भाता फुलला. फुस्स फुस्स! फुस्स फुस्स!
निखारा लाल. खिळा लाल. मामांच्या मिशा वर.
"लांब हो, लांबनाके! ठिणगी उडेल!"
ठण ठण ठण! ठण ठण ठण!
शेवंताकाकू कात्री घेऊन दारातच उभ्या. इकडचं पातं, तिकडचं पातं, मधे खिळा.
"भवानी झाली!" मामा ओरडले.
आणि कात्री बोलली. कचकच कचकच!

ऊन पत्र्यावर पोचलं. ऊन आता सोनेरी झालं. ऊन आता जाणार!
"काकू, लवकर! काकू, लवकर!"
"अगं हो गं! घाईत शिवलं तर कुंचीचा मोजा होईल!"
काकूंनी डब्यातून चिंचोका काढला. त्याच्यावर कापड ठेवलं. माप घेतलं. लाल खणाचा तुकडा, त्याला हिरवी किनार.
कचकच कचकच! खडखडखडखड! खडखडखडखड!
एक टाका इथे. एक टाका तिथे. कानांना जागा. गळ्याला नाडी. आणि वर? वर पिवळा गोंडा, मोहरीएवढा!
"घे गं," काकू म्हणाल्या. "आज भवानी झाली. आणि कुणाची झाली? आमच्या टिचकीची झाली!"

तुरुतुरु तुरुतुरु! तुरुतुरु तुरुतुरु!

बिळात आई काडी ओढत होती. दिवा लागणारच होता. आत्या आली होती. बाळ रडत होतं. चीं चीं चीं!
"थांबा थांबा थांबा!" टिचकी ओरडली. "कुंची आली!"
आईने कुंची घातली. नाडी बांधली.
मोठी झाली? नाही.
लहान झाली? नाही.
बरोब्बर बसली!
बाळाचं डोकं झालं गरम. बाळ रडायचं थांबलं. बाळाने डोळे उघडले. बाळ हसलं. खुद्कन!

दिवा लागला.
पायरीपाशी कोण आलं? ठकूआजी आल्या. कासमचाचा आले. हौसामावशी आल्या. गेनूआप्पा आले. खंडूमामा आले. शेवंताकाकू आल्या. बिळात कुणी मावेना. म्हणून सगळे गुडघ्यांवर बसले. सगळे डोकावले.
"सरका की मामा, तुमच्या मिशा मधे येतात!"
"आणि मावशी, तुम्ही हळू बोला, बाळ दचकेल!"
"मी हळूच बोलतेय!" मावशी गरजल्या.

आत्या वाकली. बाळाच्या कानाशी गेली. नाव सांगितलं. आणि सगळे ओरडले,
कुर्रर्रर्रर्रर्र!

"काय ठेवलं? काय ठेवलं नाव?"
"गजबज!" आत्या म्हणाली. "ऐकलंत ना बाहेर! गिरणी चालली, मशीन चाललं, हातोडा चालला. एवढी गजबज झाली, मग दुसरं नाव ठेवू कोणतं?"

टिचकी गेली पाळण्यापाशी. गजबजच्या कानात म्हणाली, एका दमात म्हणाली,

"ज्वारीचं झालं पीठ,
पिठाची झाली भाकर,
भाकरीने दिला जोर,
जोराने शिवला भाता,
भात्याने फुलवला निखारा,
निखाऱ्याने तापवला खिळा,
खिळ्याने जोडली कात्री,
कात्रीने कापलं कापड,
कापडाची झाली कुंची,
कुंची बसली बाळाच्या डोक्यावर,
आणि मग? मग बारसं!"

गजबजला काय कळलं? काही नाही कळलं. तो झोपून गेला. लाल कुंची घालून, गरम गरम, गाढ गाढ.

पण पायरीवर मोठी माणसं बसली होती. त्यांना कळलं.
"खंडू, उद्या माझ्या मशीनला तेल-पाणी कर. येऊ का सकाळी?" काकू म्हणाल्या.
"या की. आणि माझा सदरा फाटलाय, तो आणू का?"
"आप्पा, उद्या जेवायला या."
"येतो. पण मऊ भाकर कर गं."
"ठकूआजी, दळण पाठवा."
"पाठवते. किडे झाले तर टिचकी आहे."
"आहे! आहे!" टिचकी म्हणाली. "कधीपण हाक मारा. तिकडे कोण जातं?"
आणि सगळे मिळून, सगळ्यात मोठ्याने, मावशींपेक्षाही मोठ्याने ओरडले,
"आम्ही जातो!"

गोष्ट आमची वाकडी,
वळली घराकडे.
ऐकणाऱ्याला पापडी,
सांगणाऱ्याला पेढे!